कंसातली नावे

३१ मार्च १९५१ ही तारीख पूर्व विदर्भाच्या महसुली कागदांत फार मोठी आहे. त्या दिवशी मध्य प्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याखाली गावोगावच्या मालगुजारांची मालकी सरकारजमा झाली. आज ज्याला गोंदिया जिल्हा म्हणतात तो मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रदेशात. तिरोड्यापासून देवरीपर्यंत, आमगावपासून अर्जुनीपर्यंत, कायद्याच्या लेखी एका दिवसात गावांचा धनी बदलला. पटवाऱ्यांच्या दप्तरात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वह्या होत्या आणि त्या वह्यांत तीच नावे होती. कायदा एका रात्रीत लागू होतो. नोंदी तशा बदलत नाहीत. त्या एकेक गावात, एकेका खात्यावर, कुणाच्या तरी हातून बदलाव्या लागतात.

जमिनीच्या नोंदींचा इतिहास सहसा सत्तांतराच्या अंगाने सांगितला जातो: भोसले आले, इंग्रज आले, मालगुजारी गेली, महाराष्ट्र झाला. पण त्याला दुसरी बाजू आहे. वस्तुस्थिती बदलल्यावर जुनी नोंद किती काळ खरी म्हणून वावरते, ती शिळी झाली हे कुणाला कळते, आणि ती बदलण्याचे काम कुणाचे, ही ती बाजू. हाच प्रश्न १९८० च्या दशकात संगणकाच्या गाभ्यात, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमध्ये काम करणाऱ्या अभियंत्यांसमोर उभा राहिला. त्यांनी शोधलेली उत्तरे आणि गोंदियाच्या पटवाऱ्याच्या दप्तरातली रीत शेजारी ठेवली, तर दोन्हींतले बरेच काही उलगडते.

आधी दप्तर पाहू. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात वारले. औरस वारस नसल्याचे कारण देऊन ईस्ट इंडिया कंपनीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी एक दूरगामी निर्णय घेतला. भोसल्यांच्या काळात जे गावचा सारा वसूल करून भरत, त्या पाटलांना आणि ठेकेदारांना त्यांनी गावाचे मालक करून टाकले. हे मालगुजार. पूर्वेच्या डोंगराळ, जंगली भागात कामठा, आमगाव, दरेकसा, चिचगड अशा जमीनदाऱ्या होत्या, त्यांचा व्यवहार आणखी वेगळा. जमीन कसणारे सगळे कूळ झाले आणि कुळांतही हक्कांच्या पायऱ्या पडल्या. कुणाचा हक्क जवळपास मालकाइतका पक्का, कुणाचा मौरुसी, तर कुणी साधा कूळ, ज्याला उद्या उठवता येईल. मालगुजाराची घरची शेती 'सीर' आणि 'खुदकाश्त' म्हणून निराळी लिहिली जाई.

हे सगळे लिहून ठेवणारा पटवारी. गोंदिया-भंडाऱ्याकडे आजही तलाठ्याला पटवारीच म्हणतात, सरकारने २०२४ मध्ये त्या पदाला 'ग्राम महसूल अधिकारी' असे नवे नाव दिले तरी. त्याच्याकडे गावाचा नकाशा असे, शेतवार माहितीचा खसरा असे, कुळवार हिशेबाची जमाबंदी असे. शिवाय गावच्या रूढींची नोंद असलेला वाजिब-उल-अर्ज होता: तलावाचे पाणी कुणाला, गुरे कुठे चरणार, सरपण कुठून आणायचे. ज्या मुलखात कोहळी समाजाने तलावांमागे तलाव बांधले आणि धानाचे सारे पीक त्या पाण्यावर उभे राहिले, तिथे हा शेवटचा कागद कमी महत्त्वाचा नव्हता.

या व्यवस्थेत नोंदी ताज्या ठेवण्याच्या दोन गती होत्या. पटवारी दरवर्षी गिरदावरीला शेतोशेत फिरे आणि खसरा-जमाबंदी नव्याने उतरवी. बंदोबस्ताची मूळ मिसल मात्र वीस-तीस वर्षे तशीच राही, पुढचा बंदोबस्त अधिकारी येईपर्यंत. मधल्या काळात माणसे मरत, वाटण्या होत, गहाणे फिटत. मिसलीत जुनेच चित्र असे. म्हणजे जलद वाचायची एक वही आणि सावकाश बदलणारा एक मूळ कागद, अशी दुपदरी मांडणी होती.

संगणकाच्या कर्नलची मांडणी नेमकी अशीच आहे. मूळ माहिती डिस्कवर असते आणि डिस्क हळू चालते. म्हणून कर्नल वारंवार लागणाऱ्या माहितीची एक प्रत वेगवान स्मृतीत जवळ बाळगतो. ही प्रत म्हणजे कॅशे. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून ४.२ बीएसडी ही युनिक्सची आवृत्ती बाहेर पडली. ती संथ चालते अशी तक्रार झाली. सॅम लेफ्लर, माइक कॅरेल्स आणि कर्क मकुसिक यांनी मोजमाप केले तेव्हा दिसले की कर्नलचा बराच वेळ फाइलींची नावे शोधण्यातच जातो आहे. एका फाइलीपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची यादी पुन्हा पुन्हा चाळावी लागत होती. त्यांनी नावांचा कॅशे बसवला: एकदा सापडलेले नाव आणि ते ज्या जागेकडे बोट दाखवते ती जागा, जवळ लिहून ठेवायची. वेग वाढला.

आणि लगेच जुना प्रश्न उभा राहिला. फाइल पुसली गेली आणि तिची जागा दुसऱ्या फाइलीला मिळाली तर? कॅशेतले जुने नाव आता भलत्याच फाइलीकडे नेणार. बाप वारला, शेत दुसऱ्या भावाच्या वाट्याला गेले आणि वहीत नाव बापाचेच, तशी ही अवस्था. फरक इतकाच की इथे चुकीचा सातबारा सेकंदाला हजारो वेळा वाचला जातो.

बर्कलेकरांचे उत्तर साधे आणि फार सुंदर होते. स्मृतीतली एखादी जागा नव्या फाइलीला दिली की त्या जागेला एक नवा क्रमांक द्यायचा. कॅशेतल्या नोंदीवर तिच्या वेळचा क्रमांक लिहिलेला असतोच. वाचणाऱ्याने दोन्ही क्रमांक ताडून पाहायचे. जुळले तर नोंद ताजी. जुळले नाहीत तर ती शिळी, टाकून द्यायची. जुन्या नोंदी शोधत फिरण्याची गरजच उरली नाही. १९८६ च्या ४.३ बीएसडीत ही पद्धत होती. १९८५ मध्ये सन मायक्रोसिस्टीम्सने नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्यासाठी एनएफएस आणले, त्यातही फाइलीच्या ओळखपत्रात असाच एक पिढी-क्रमांक घातला गेला. जुने ओळखपत्र घेऊन कुणी आला तर सर्व्हर त्याला स्पष्ट शब्दांत सांगतो की हे ओळखपत्र शिळे झाले आहे. दुसऱ्याची फाइल तो हाती देत नाही. शिळेपणाची कबुली देणारा हा निरोप त्या व्यवस्थेतला सर्वांत प्रामाणिक भाग आहे.

महाराष्ट्राच्या सातबाऱ्यात असा क्रमांक फार आधीपासून आहे. मुंबई इलाख्यात १९०३ साली जमिनीच्या हक्कनोंदीचा कायदा झाला आणि तिथून फेरफार नोंदवहीची परंपरा सुरू झाली. हक्कात झालेला प्रत्येक बदल गाव नमुना सहामध्ये एका क्रमांकाने लिहायचा, मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा आणि मग तो क्रमांक सातबाऱ्यावरच्या नावाशेजारी उतरवायचा. प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर नवे नाव पेन्सिलीने लिहीत, नंतर शाईने. जुन्या नावाला कंस करत. 'त्याच्या नावाला कंस झाला' एवढे म्हटले की गावाकडे सगळ्यांना कळते. कुठल्या फेरफाराने कुणाचे नाव कंसात गेले आणि कुणाचे आले, हे क्रमांकावरून मागे मागे जात शोधता येते. वकील आणि जुने पटवारी तसे शोधतात.

विदर्भात ही रीत उशिरा आली, कारण विदर्भच महाराष्ट्रात उशिरा आला. १ नोव्हेंबर १९५६ ला हे जिल्हे मुंबई राज्याला जोडले गेले. त्याआधी मालगुजारी संपल्यावर मध्य प्रदेशाने १९५४ ची जमीन महसूल संहिता केली होती. मालक-मकबुजा (आपल्या शेतापुरते मालक असलेले) आणि पक्क्या हक्काचे कूळ तिने 'भूमिस्वामी' केले, मौरुसी कूळ 'भूमिधारी' केले. पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि 'भोगवटादार वर्ग एक', 'भोगवटादार वर्ग दोन' हे शब्द आले. एकाच बांधातल्या एकाच कुटुंबाची ओळख सोळा-सतरा वर्षांत तीनदा बदलली. शेत तेच, कसणारे तेच. बाघ नदीपलीकडे बालाघाट जिल्ह्यात राहिलेले त्यांचे सोयरे मात्र आजही खसरा आणि बी-वनच्या कागदांवर चालतात.

ज्या गावांत जमिनींच्या एकत्रीकरणाची योजना झाली तिथे तर क्रमांकही बदलले. जुन्या खसरा क्रमांकाचा १९४० च्या सुमाराचा विक्रीचा कागद घेऊन आज कुणी आला, तर त्याला आधी जुन्या-नव्या क्रमांकांची सांगड घालून द्यावी लागते. ती घातली नाही तर जुना कागद भलत्याच गटाकडे बोट दाखवतो. बर्कलेच्या अभियंत्यांना छळणारा दोष नेमका हाच होता.

सगळ्याच शिळ्या नोंदी क्रमांकाने पकडता येत नाहीत. गोंदियात याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे झुडपी जंगल.

मध्य प्रांताच्या काळात गावांभोवतीच्या खुरट्या, पडीक, गुरचरणाच्या जमिनींना दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणत. निस्तार पत्रकात त्या गावकऱ्यांच्या चराईसाठी आणि सरपणासाठी दाखवल्या जात. १९५६ मध्ये नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर हे जिल्हे राज्य बदलून आले तेव्हा ही नोंदही तशीच आली. नंतर भंडाऱ्यातून गोंदिया आणि चंद्रपुरातून गडचिरोली निघाले, तिथेही ती गेली. दरम्यान या जमिनींवर घरे झाली, शाळा झाल्या, सरकारी कचेऱ्या झाल्या, स्मशाने झाली. नोंद बदलली नाही. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सरकारी कागदांत वन म्हणून नोंदलेली प्रत्येक जमीन त्या कायद्याखाली धरली, मग ती कुणाच्याही मालकीची असो. त्या एका आदेशाने दप्तरातल्या जुन्या शब्दाला कायद्याचे नवे बळ मिळाले. २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल हे वनच मानायचे असा निकाल दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्यांनी वाटप केलेल्या जमिनींसाठी मात्र केंद्राकडे प्रस्ताव पाठवून त्या वनांच्या यादीतून वगळण्याची वाट मोकळी ठेवली. प्रश्न ८६ हजारांहून अधिक हेक्टरांचा होता.

या प्रकरणात वनाची बाजू दुबळी नाही. त्यातल्या कित्येक जमिनींवर आजही खरोखर झाडोरा आहे आणि तो राखला पाहिजे. पण शाळेच्या इमारतीखालची जमीन पन्नास-साठ वर्षे कागदावर झुडपी राहिली, याचे कारण त्या नोंदीची फेरतपासणी करणे हे कुणाचेच नेमून दिलेले काम नव्हते. गावाचा कारभार करणाऱ्याला ती बदलण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला बदलण्याची निकड नव्हती. इतकी वर्षे ती नोंद कुणाला अडवत नव्हती म्हणून कुणी पाहिली नाही, आणि अडवू लागली तेव्हा तिच्यावर एक कायदा आणि एक न्यायालयीन आदेश चढलेला होता.

कर्नलचे अभियंते याच वळणावर 'हे काम कुणाचे?' या प्रश्नाशी झुंजले. त्यांच्याकडे ढोबळमानाने तीन उत्तरे होती. पहिले: नोंदीला मुदत घाला, मुदत संपली की पुन्हा विचारा. एनएफएसमध्ये फाइलीची वरवरची माहिती अशी काही सेकंदांपुरती खरी धरतात. लिनक्समध्ये ही मुदत साधारण तीन सेकंदांपासून साठ सेकंदांपर्यंत असते. दर दहा वर्षांनी हस्तलिखित सातबारा नव्या वहीत उतरवण्याची महाराष्ट्रातली जुनी रीत त्याच जातीची होती. त्यात शिळी नोंद कधीतरी निघेल एवढीच हमी मिळे, आणि उतरवताना एखादे खरे नाव गळण्याचा धोका राही. तसे गळलेले नाव परत लावायला कलम १५५ खाली तहसीलदाराकडे खेटे घालणारी कुटुंबे प्रत्येक तालुक्यात आहेत.

दुसरे उत्तर: वाचणाऱ्याने दर वेळी मूळ ठिकाणी विचारून खात्री करावी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८० च्या दशकात अँड्र्यू फाइल सिस्टीम बांधताना असेच केले होते. प्रत्येक संगणक फाइल उघडताना सर्व्हरला विचारी, माझी प्रत ताजी आहे ना? सर्व्हर या चौकश्यांखालीच दबून गेले. मग त्या गटाने, ज्यात एम. सत्यनारायणन हे भारतीय संगणकशास्त्रज्ञ आघाडीवर होते, उलटे केले. कुणाकडे कोणती प्रत आहे याची यादी सर्व्हर ठेवू लागला आणि मूळ फाइल बदलली की ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांना स्वतःहून कळवू लागला. १९८८ च्या त्यांच्या शोधनिबंधात या बदलाचा परिणाम मांडला आहे: सर्व्हरवरचा ताण उतरला आणि एक सर्व्हर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त संगणक सांभाळू लागला.

हे तिसरे उत्तर. जो बदल करतो, कळवण्याची जबाबदारी त्याची.

एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रात तर याला पर्यायच नाही. स्मृतीचा नकाशा एका प्रोसेसरने बदलला की बाकीच्यांकडे त्याची जुनी प्रत उरते. अशा वेळी बदल करणारा प्रोसेसर इतरांना हातातले काम थांबवायला लावतो, त्यांनी जुनी नोंद टाकली असा होकार येईपर्यंत वाट पाहतो आणि मगच पुढे जातो. कार्नेगी मेलनच्याच माक कर्नलच्या अभियंत्यांनी १९८९ मध्ये ही पद्धत तपशिलाने मांडली. हे खर्चिक आहे, आणि तरीही आजच्या अनेक यंत्रांत ते चालते. चुकीच्या नोंदीवर विसंबण्यापेक्षा क्षणभर थांबणे परवडते, असा निवाडा त्या क्षेत्राने कधीच केला आहे.

आता महाराष्ट्राच्या संहितेचे कलम १४९ पाहावे. वारशाने, वाटणीने, खरेदीने, गहाणाने ज्याला जमिनीत हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला तोंडी किंवा लेखी कळवायचे. दस्त नोंदणीकृत असेल तर ही सक्ती नाही, कारण कलम १५४ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याने ते कळवायचे असते. म्हणजे खरेदीखताच्या बाबतीत आपला कायदा तिसऱ्या उत्तरापर्यंत आला आहे. ई-फेरफार प्रणालीत तर दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची सूचना थेट तहसीलच्या संगणकात उतरते. वारशाच्या बाबतीत मात्र भार अजून वारसांवरच आहे, आणि शिळी नावे सर्वाधिक तिथेच साचली आहेत.

का साचतात हे गोंदियातल्या कुठल्याही गावात कळते. भावांत वाटणी तोंडी झालेली असते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचाही समान हिस्सा आहे, म्हणून नोंद करायला गेलो तर वाद निघेल असे वाटते. मुलगे कामाला नागपूरला, रायपूरला गेलेले असतात. बापाच्या नावाने धान पिकते, बापाच्या नावाने सोसायटीचे कर्ज फिरत राहते, आणि आधारभूत केंद्रावर धान विकायला सातबारा व आठ-अ मागितले की अडचण समोर येते. मुलाच्या हातात पीक असते आणि कागदावर नाव वारलेल्या माणसाचे.

यातली सर्वांत दुःखाची गोष्ट अशी की त्या माणसाच्या मृत्यूची नोंद सरकारदरबारी झालेली असते. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो. ग्रामपंचायतीच्या वहीत नाव, तारीख सगळे असते. तलाठ्याचे दप्तर कित्येकदा त्याच गावात असते. पण एका वहीत झालेला बदल दुसऱ्या वहीला आपोआप कळत नाही. मृत्यूची नोंद होताच त्या नावाच्या खात्यांची यादी तलाठ्यापुढे यावी, ही सोय आता तंत्राच्या दृष्टीने अवघड राहिलेली नाही. ती कायमची व्हायला हवी.

'नाही' ही सुद्धा एक नोंद असते, हे लिनक्सच्या कर्नलमध्ये उघडपणे मान्य केले आहे. या नावाची फाइल नाही, असे एकदा कळले की कर्नल तो नकारही लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा डिस्क चाळावी लागत नाही. त्या नावाची फाइल जन्माला आली की मात्र तो नकार त्याच क्षणी पुसावा लागतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगावच्या जंगलपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या गोंड-हलबा कुटुंबांबाबत दप्तरात असाच नकार होता: हक्क नाही, असेल तर अतिक्रमण. २००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा मान्य करायचे ठरले. तो नकार पुसायला पुरावा लागला, आणि पुरावा म्हणून कामी आले ते जुने कागद. बंदोबस्ताच्या मिसली, निस्तार पत्रके, १९५४-५५ चे अधिकार अभिलेख.

इथे पटवाऱ्याची रीत कर्नलहून श्रेष्ठ ठरते. कर्नल जुनी नोंद कधी टाकायची याचा फार बारकाईने विचार करतो. पॉल मकेनी आणि जॉन स्लिंगवाइन यांनी १९९० च्या दशकात सीक्वेंट कंपनीत विकसित केलेली आरसीयू ही पद्धत २००२ मध्ये लिनक्समध्ये आली. तिच्यात नवी नोंद जागेवर बसवली तरी जुनी लगेच नष्ट करत नाहीत. आधीपासून ती वाचत असलेला शेवटचा वाचक बाहेर पडेपर्यंत तिला राहू देतात. नावांच्या कॅशेला ही पद्धत लावण्यात आयबीएमचे भारतातले अभियंते दीपंकर सरमा आणि मनीष सोनी यांचा मोठा वाटा होता. फेरफाराची नोटीस काढून हरकतीसाठी पंधरा दिवस थांबण्याच्या रीतीत असाच संयम आहे. पण शेवटचा वाचक गेला की कर्नल जुनी नोंद कायमची पुसतो. सातबाऱ्यात ती कंसात राहते. जमिनीच्या बाबतीत शेवटचा वाचक कधीच येऊन गेलेला नसतो. जातीचा दाखला पडताळायला, तलावाच्या पाण्याचा वाद सोडवायला, वनहक्काचा दावा लावायला सत्तर-ऐंशी वर्षांनी कुणीतरी ते पान उघडतोच.

संगणक दप्तरात आल्यावर काही वर्षे गोंधळ वाढला. जमीन नोंदींच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होते. पुढे राज्यभर छापील सातबारा आला, पण हस्तलिखित वहीही चालूच राहिली. एकच गट, दोन प्रती. फेरफार एकीत उतरे, दुसरीत राहून जाई. कुठली खरी, यावर भांडणे होत. हा दोष काढायला दोन्ही प्रती ओळ न् ओळ ताडून पाहाव्या लागल्या. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, लोकांसमोर नोंदी वाचून चुका टिपल्या गेल्या. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्यांनी त्या काळात रात्रीबेरात्री, संथ नेटवर्कवर जे काम उपसले त्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. त्यातले दोन बदल फार मोलाचे आहेत. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आता ठळक दिसते, आणि त्या गटावर फेरफार प्रलंबित असेल तर तसे लिहिलेले असते. म्हणजे ही प्रत लवकरच शिळी होणार आहे, असे ती स्वतःच सांगते. कंस केलेल्या नावांवर आता आडवी रेषही येते. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानायची ती उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायद्याने नवी नोंद येईपर्यंत. ती नवी नोंद वाटेत आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळण्याची सोय २०२० पर्यंत छापील सातबाऱ्यावर नव्हती.

मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने बुलढाण्यातल्या प्रयोगावरून 'जिवंत सातबारा' मोहीम जाहीर केली आणि १ एप्रिल ते १० मे २०२५ या काळात मृत खातेदारांच्या याद्या करून वारसांची नावे लावण्याचा कार्यक्रम राज्यभर आखला. कलम १४९ ने वारसावर टाकलेला भार प्रशासनाने काही आठवड्यांपुरता स्वतःच्या खांद्यावर घेतला, हे या मोहिमेचे खरे महत्त्व.

मोहिमेत ज्यांची नोंद राहून गेली त्यांनी पुढच्या मोहिमेची वाट पाहू नये. डिजिटल सातबारा काढून त्यावरचा शेवटचा फेरफार क्रमांक आणि तारीख पाहावी. वारलेल्या माणसाचे नाव तिथे उभे असेल तर मृत्यूचा दाखला आणि बहिणींसह सर्व वारसांची नावे घेऊन तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा. अर्ज हाताने दिला असेल तर पोच मागून घ्यावी. ती लेखी देणे कलम १४९ खाली तलाठ्यावर बंधनकारक आहे.